आठ तळहातांचा हुरडा

अन्याय हौसावर झाला. त्रेचाळीस सालच्या मार्गशीर्षात, दुसऱ्या सोमवारी, मधली सुट्टी व्हायच्या जरा आधी. पाथर्डीच्याही पलीकडे एका कोरडवाहू गावात, मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरणाऱ्या शाळेत. तिसरीतल्या आठ मुलांनी एकामागून एक तिच्या थोबाडीत मारली. मारायला सांगणारे हेडमास्तर माझे सख्खे मामा होते. आणि चार हातांवर बसून, बिगरीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या पोरांच्या, पाट्या तपासत, हे सगळं बघणारी मी होते.

नाव, दिवस, ठिकाण आधी सांगून टाकायचं ही सवय मला बेचाळीसच्या चळवळीतल्या पत्रकांनी लावली. मागाहून कुणी ‘असं काही घडलंच नाही’ म्हणायला नको. पण आज मी पत्रक लिहायला बसलेली नाही. आज सकाळी इथं नगरात वेशीजवळ एक बाई गुळभेंडी ज्वारीची कणसं मांडून बसली होती. हिरवी, कोवळी, दहिवरानं अजून ओली. मी एक उचललं, दोन दाणे दाताखाली फोडले, आणि ते दूध जिभेवर उतरलं तशी सहा वर्षं मागे गेले. बाई म्हणाली, “घ्यायचंय का नुसतं चाखायचंय?” घेतलं. ते कणीस आत्ता माझ्यासमोर कागदांवर पडलं आहे आणि कागद ओले होताहेत. होऊ देत.

त्या हंगामाचा मला आधी आवाज आठवतो. उजाडता उजाडता, गाव अजून धुरात असताना, शिवारातून एकदम ‘फाट्’ असा आवाज यायचा. मग दुसऱ्या रानातून. मग लांबून, ओढ्यापलीकडून. गोफणी वाजत असायच्या. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली, आणि तिच्यात मध्येच चार लाकडांवर बांधलेले माळे, पाण्यात होड्या उभ्या असाव्यात तसे. प्रत्येक माळ्यावर कुणीतरी उभं. “हाऽऽ हुर्रऽऽ” अशी लांबट हाळी. त्या हाळीसरशी पाखरांचा थवा उठायचा, वळायचा, आणि वळताना त्याचा रंगच बदलायचा, काळ्याचा रुपेरी. मी बेलापूरची. घराला लागून पाटाचं पाणी, ऊस, बाजार, स्टेशन. असं कोरडं, उघडं, आभाळाला टेकलेलं रान मी पाहिलं नव्हतं. गोफणी सुरू झाल्या ते पहिले चार दिवस मी नुसती तोंड उघडं टाकून बघत राहिले.

मला तिथं पाठवलं होतं ते पत्रकांपासून लांब ठेवायला. बेचाळीसनंतर वडिलांना धसका बसला होता. मुलगी एकोणीस वर्षांची, हातात सारखी शाई, आणि घरी कधी पोलीस येईल नेम नाही. “मामाकडे जा, शाळेत त्याला मदत कर, हवा चांगली आहे,” म्हणाले. मी गेले, आणि जाताना लुगड्याच्या घडीत कोरे कागद घेऊन गेले. सरकारच्या लाठीविरुद्ध मी त्या कागदांवर काय काय लिहीत असे! ‘निःशस्त्रांवर हात उगारणारी सत्ता’ हे माझं आवडतं वाक्य. ते मी त्या सोमवारी सकाळीही लिहिलं होतं.

आता शाळेचा कायदा सांगते. तुम्हाला तो ठाऊक आहे. तुमच्यातल्या निम्म्यांनी तो खाल्लेला आहे. मास्तर प्रश्न विचारतात. ज्याला येत नाही त्यानं उभं राहायचं. उभ्यांची रांग वाढत जाते. मग कुणाला तरी उत्तर येतं. ज्याला येतं त्यानं रांगेतून फिरायचं आणि प्रत्येकाच्या थोबाडीत मारायची. हळू मारलं तर उलट व्हायचं. रांगेनं त्याला मारायचं, म्हणजे जोर कसा लावतात ते त्याला कळतं.

त्या दिवशी पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचे पाढे, चालली होती. मामांनी विचारलं, “सतरा पाऊणे?” आठ जण उभे राहिले. तिसरीत मुलगी एकच होती, हौसा, दहा-अकरा वर्षांची, कोपरावर फाटलेली चोळी, केसांत ज्वारीचा तूस. ती म्हणाली, “पावणेतेरा.”

“शाबास. चल, मार.”

ती उठली. पहिल्या मुलापुढे उभी राहिली आणि त्याच्या गालाला हात लावला. नुसता लावला, ताप बघतात तसा. दुसऱ्याला तसाच. तिसरा बापू म्हणून होता, वर्गातला वाचाळ. तो डोळे मिटून उभा होता. त्याच्याही गालाला हात लागला आणि त्यानं डोळे उघडले.

“हात मोडलाय का?” मामा म्हणाले. “सगळ्यांना लावते आहे हळद! बापू, दाखव तिला कसं मारतात.”

बापूनंच सगळ्यात जोरात मारली. मग बाकीच्या सातांनी. हौसा रडली नाही. तिच्या डाव्या गालावर बोटं उठत गेली आणि ती खाली, स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिली. मी पाटीवर ‘बरोबर’ची खूण केली. कुणाच्या पाटीवर, कशाला, काही आठवत नाही. खूण मात्र केली.

त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, “मामा, आज शाळेत जे झालं…”

“काय झालं?” त्यांनी खरंच विचारलं. त्यांना काही झाल्याचं ठाऊकच नव्हतं. मामा दुष्ट असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते आजारी पोराच्या घरी स्वतः काढा घेऊन जाणारे गृहस्थ. “अगं, आम्हीही असेच शिकलो. माझ्या थोरल्या भावानं मला मारलेल्या अजून मोजून सांगेन. पण पाऊणकी बघ, झोपेत विचार.” आणि आमटीचा भुरका घेतला.

मी चिडले. आणि चिडल्यावर मला एकच गोष्ट येत होती, ती मी केली. चार कागदांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘कु. हौसा हिच्यावर भर शाळेत अत्याचार! आठांनी मारले! गाव गप्प का?’ खळ केली, आणि पहाटे एक चावडीवर, एक देवळाच्या खांबाला, दोन पाणवठ्याच्या वाटेवर चिकटवले. फार मोठं काम केल्यासारखी घरी येऊन चहा प्यायले.

त्या गावात वाचता येणारी माणसं थोडी. म्हणून कागद लागला की एकानं मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी भोवती उभं राहून ऐकायचं, ही तिथली रीत. मी गावात दोन महिने राहत होते, ही रीत रोज बघत होते, आणि तरी माझ्या डोक्यात ती आली नाही. दुपारपर्यंत हौसाचं नाव चावडीवर पाच-सात वेळा खणखणीत आवाजात वाचून झालं होतं. ती पाण्याला निघाली की पोरं तिच्यामागं ओरडत होती, “आठांनी मारले! गाव गप्प का?” तिच्या आज्यानं चावडीवर बसल्या बसल्या ऐकलं, उठला, घरी गेला आणि म्हणाला, “बास झाली साळा.”

इथं काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. हौसाच्या आईनं, पारूबाईनं, सासऱ्याशी भांडून लेकीसाठी एकेक वर्ष मिळवलं होतं. करार असा: तिसरी पास झाली तर चौथी. नाहीतर घर, गुरं आणि येत्या वैशाखात लग्न. तपासणीचे साहेब संक्रांतीनंतर यायचे होते. तोवर पोर शाळेत दिसली नाही तर पटावरचं नाव गेलं, आणि नाव गेलं की करार गेला. आठ चपराकींनी जे झालं नव्हतं ते माझ्या चार कागदांनी केलं होतं.

मामांनी खांबावरचा कागद सोलून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. “अक्षर चांगलं आहे,” एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी मी धीर करून पारूबाईच्या रानात गेले. दहिवर पडलेलं. ज्वारीच्या सरीतून जाताना अंगावरचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. पारूबाई माळ्यावर उभी होती, पदर खोचलेला, हातात गोफण. खाली हौसा ओल्या मातीचे गोळे वळून उन्हात ओळीनं मांडत होती. गोफणीतून फेकायचे गुंडे ते.

“या बाई,” पारूबाई वरून म्हणाली. “अजून कागद आनलाय का? हितं लावा की. पाखरांनी बी वाचू द्या.”

“मी माफी मागायला आले.”

“माझी कशापायी? जिच्या नावाची दवंडी पिटली तिची मागा.”

मी हौसासमोर उकिडवी बसले. तिनं वर पाहिलं नाही. मी म्हटलं, “हौसा, चुकलं माझं.” ती म्हणाली, “व्हय.” आणि एक गोळा माझ्याकडे सरकवला, वळायला. आम्ही दोघी वळत बसलो. वळता वळता मी विचारलं, “तू त्यांना हळू का मारलंस गं?”

“बापूचा कान फुटलाय, बाई. पू येतो त्यातनं. त्याला कसं मारायचं?”

“मग त्याला सोडून बाकीच्यांना मारायचंस.”

ती थांबली. मी काहीतरी वेडगळ बोलले असावे अशी माझ्याकडे बघू लागली. “एकाला हळू आन् बाकीच्यांना जोरात? त्ये काय बरं दिसतंय?”

मी कितीतरी पुस्तकं वाचली होती. न्यायावर तर फारच. त्या पोरीनं रांगेत उभं राहून, डोक्यावर हेडमास्तर असताना, तेवढ्या क्षणात एका फुटक्या कानापासून सगळ्या आठ गालांपर्यंतचा हिशोब लावला होता. आणि ज्याचा कान राखला त्यानंच तिला सगळ्यात जोरात मारली. मी विचारलं, बापूचा राग नाही येत? “आला की,” ती म्हणाली. “लई आला.”

“त्या सोमवारी सांजच्याला वर चढली,” पारूबाई वरून म्हणाली, “ती दिस बुडूस्तवर उतरली न्हाई. पाखराला बूड टेकू दिलं न्हाई रानात.” फाट्! तिची गोफण वाजली. समोरच्या पट्ट्यातून थवा उठला. “मला बी राग आला की मी हितंच येती, बाई. चुलीम्होरं राग काढला तर भाकरी करपती, लेकरं भेत्यात. हितं काढावा. दोन गुंडे जास्ती लागत्यात, बस.”

“आणि पाखराला लागला तर?”

“लागू द्यायचा न्हाई!” ती जवळजवळ रागावलीच. “पाखराच्या अंगावर न्हाई, त्याच्या वरनं फेकायचा. मातीचा गुंडा त्यासाठीच, वरच्या वर फुटतो. मारता येतंय की. पर मेलेलं पाखरू काय शिकनार? उडालेलं धा जनांना सांगतंय.” आणि बांधाकडे हात करून म्हणाली, “ती कडंची वळ दिसती का? ती त्यांचीच. तिथं आमी हाळी बी देत न्हाई.”

मी पाहिलं. बांधालगतच्या एका ओळीवर पाखरं निवांत बसून कणसं फोडत होती. बाकी सगळ्या रानाला राखण, तेवढी ओळ उघडी. वरून गोफण कडाडत होती आणि त्या ओळीतलं एक पाखरू मान वर करून बघतही नव्हतं. त्यांना ठाऊक होतं. आमच्या घरी रागाची वाटणी ठरलेली होती: पुरुषांनी करायचा, बायकांनी गिळायचा. रागाला एवढं मोठं रान देता येतं, त्याला उंची देता येते, आणि त्यातून पीक राखून होतं, हे मला एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तरी माझ्यातली पत्रकवाली गप्प बसेना. “पारूबाई, मी बोर्डाकडे अर्ज लिहिते. मामांची बदली होईल.”

“मंग दुसरा मास्तर ईल. त्याचा हात काय लोन्याचा आसंल?” ती माळ्यावरून उतरली. कपाळाचा घाम पुसला. “तुमी आसं करा. येत्या रविवारी मास्तरला हुरड्याला घिऊन या. आन् त्या आठ पोरांना बी.”

“ज्यांनी मारलं त्यांना?”

“त्यांनाच. बाकीच्यांना काय बोलवायचं, ती तर कवाबी येत्यात.”

हुरड्याच्या आमंत्रणाला नाही म्हणत नाहीत. मामा आले, हातात स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन. विस्तवावर भाजलेलं चालतं, पाण्यात शिजवलेलं चालत नाही, असा त्यांचा दुसरा एक कायदा होता. त्याच्यावरही मी कधीतरी लिहीन. ओढ्याकडेला खड्डा करून आगटी पेटवलेली. हौसाचा आजा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसत होता, मास्तरांकडे पाठ करून. जवसाची चटणी, गुळाचे खडे, आणि तो वास! ओल्या दाण्याचा, धुराचा, गोड, कच्चा. त्या वासासाठी माणसानं गुन्हे कबूल करावेत.

पहिली मूठ पाहुण्याची, आणि ती घरच्या माणसानं स्वतःच्या तळहातांवर चोळून द्यायची, असा तिथला शिरस्ता. हौसानं चटका बसणारं कणीस उचललं, दोन हातांत मळलं, फुंकून तूस उडवला. आणि आठ मुलं, कुणी न सांगता, शाळेतल्यासारखी रांगेत उभी राहिली. छडी खायला पुढे करतात तसे तळहात पुढे करून. ते मी बघितलं, आणि मामांनीही बघितलं. हौसा रांगेतून गेली. प्रत्येक तळहातावर हिरवे, वाफाळते दाणे. बापूपाशी आली तेव्हा म्हणाली, “फुकून खा. तोंड भाजंल.” बापू, ज्याचं तोंड कधी मिटत नसे, तो दाण्यांवर नुसता फुंकर घालत राहिला.

मग मामांना काय वाटलं कोण जाणे. माळ्याला टांगलेली गोफण त्यांनी काढली. “लहानपणी आम्हीही फेकत होतो,” म्हणाले. गुंडा ठेवला, गरगर फिरवली, सोडली, आणि गुंडा त्यांच्याच पायाशी धप्पकन पडला.

“गुरुजींना येईना!” बापूचं तोंड अखेर उघडलं. “हौसे, मार!”

बोलून गेला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कायदा तोच होता ना? ज्याला येतं त्यानं, ज्याला येत नाही त्याच्या. आज्याच्या हातातलं कणीस राखेत पडलं. मामा गोफण धरून उभे होते आणि त्यांचा कान लाल होत होता. मी त्यांना जन्मात कधी शिकाऊ माणसासारखं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

हौसा उठली. परकराला हात पुसले. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, त्यांच्या पोटापर्यंत येत होती. “गुरुजी, पयल्यांदा समद्यांचंच आसं हुतं,” ती म्हणाली. “बोट बगू.” आणि मामांचं बोट धरून त्याच्यात तिनं गोफणीचा फास अडकवला. ज्यांना तिच्या घरचं पाणी चालत नव्हतं त्यांचं बोट तिच्या हातात होतं. मामांनी हात मागे घेतला नाही. “ही दोरी धरूनच ऱ्हायची. दुसरी सोडायची. हाताचा जोर नगं, मनगट फिरवा.”

दुसरा गुंडा आगटीकडे गेला. “आरं मास्तर, मला कशापायी!” आजा ओरडला, आणि सगळं रान हसलं. मामाही.

तिसऱ्याला गोफण वाजली. फाट्! असा आवाज, की माझ्या दातांत घुमला. आणि मग समोरचं सगळं शिवार उठलं. किती पाखरं, मी सांगू शकत नाही. ज्वारीनंच पंख फुटून उडायचं ठरवल्यासारखं. तो थवा आमच्या डोक्यावरून वळला, काळ्याचा रुपेरी झाला, त्याच्या पंखांचा वारा आगटीच्या धुराला लागला. आणि थवा जाऊन बसला कुठं, तर बांधाच्या कडेच्या त्या उघड्या ओळीवर. एक पाखरू खाली पडलं नव्हतं.

“वाजली!” मामा म्हणाले. पन्नाशीचा माणूस, तोंड उघडं, टोपी मागं सरकलेली. “हौसा, वाजली गं!”

सोमवारी हौसा शाळेत होती. आज्यानं आदल्या दिवशी उठताना नुसतं “जाऊ दे तिला” म्हटलं होतं. मामांनी विचारलं, “एकोणीस पाऊणे?” बापू उभा राहिला, त्याच्याबरोबर आणखी तिघं. हौसा म्हणाली, “सव्वाचौदा.” मामांचा हात सवयीनं वर गेला. “चल, मा…” आणि ते थांबले. “दाखव त्यांना,” ते म्हणाले, “कसं काढलंस.” हौसा धुळीत बसली, बोटानं एकोणीस रेघा ओढल्या, आणि चार डोकी तिच्या डोक्याला टेकली.

मामा संत झाले नाहीत. आठवड्यानं त्यांनी कुणालातरी छडी दिलीच. पण मुलाच्या हातून मुलाला मारणं त्या ओवरीत मी असेपर्यंत पुन्हा झालं नाही. हौसा तिसरी पास झाली, मग चौथी. पुढची शाळा सात कोसांवर. तिथं तिला कुणी पाठवलं नाही. ह्याचा राग मला अजून आहे, आणि माझ्याजवळ माळा नाही, म्हणून तो मी इथं काढते.

आता राज्य आपलं आहे. आणि गेल्या पंधरवड्यात गोदाकाठच्या एका शाळेत मी दारात उभी असताना आतून आवाज आला, “चल, मार.” तोच स्वर. एका मुलीनं पाच जणांना मारलं, आणि पाचव्यापाशी ती हसत होती. तिला आवडू लागलं होतं. मी मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, शिस्त. मास्तरांना एकट्याला काय बोलू? रांगणारं मूल पडलं की आपण जमिनीला चापट मारतो आणि म्हणतो, “हात् गं जमिनी, माझ्या बाळाला लागलं!” मूल हसतं, आपण हसतो. चालायच्या आधी आपण त्याला हे शिकवतो. दया, धीर, रागाला वाट देणं हे मात्र ज्याचं त्यानं कुठंतरी रानात शिकून घ्यावं अशी आपली अपेक्षा.

समोरचं कणीस मी आत्ता चुलीवर भाजून आणलं. चोळलं. तळहात भाजताहेत. ह्या हातानं त्या दिवशी पाटीवर खूण केली होती.

तुम्ही हे वाचताय, तर तुमच्याकडून मला हळहळ नको आहे. आज संध्याकाळी मूल शाळेतून आलं की पाढे विचारू नका. त्याचा तळहात हातात घ्या आणि विचारा, “ह्या हातानं आज तुला कुणाला मारायला लावलं?” ते ‘हो’ म्हणालं, तर उद्या पहिल्या घंटेला शाळेत जा. कागद चिकटवू नका, पोराचं नाव गावभर करू नका. मास्तरांना घरी हुरड्याला बोलवा, आणि ज्याला मारलं त्या पोरालाही. पहिली मूठ तुमच्या मुलाला चोळू द्या.